धर्माची सही आणि बाईचा जीव



आजचा विषय आयर्लंड देशाचा आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, समुद्राने वेढलेला हा छोटा देश. तिथले राजकारण आणि आपली चूल यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण २८ ऑक्टोबर २०१२ रोजी तिथल्या गॉलवे शहरातील इस्पितळात जी बाई मरण पावली, तिचे माहेर आपल्या शेजारचे, बेळगावचे होते. सविता हलप्पनवार तिचे नाव. वय ३१. स्वतः दातांची डॉक्टर, नवरा इंजिनियर. गरीब म्हणून मेली, अडाणी म्हणून मेली, असे म्हणायला इथे जागा नाही.

ती पहिलटकरीण होती. सतरावा आठवडा चालू होता. २१ ऑक्टोबरला पाठ दुखू लागली म्हणून ती इस्पितळात गेली. हे मूल राहणार नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले. पुढे पाण्याची पिशवी फुटली. मूल तर जाणारच आहे, मग मला लवकर मोकळी करा, अशी विनंती तिने केली. नकार मिळाला. कारण काय? तर गर्भाचे ठोके अजून चालू आहेत, आणि ते चालू असेपर्यंत कायदा हात लावू देत नाही! ही कॅथलिक पंथाची गोष्ट आहे, अशा अर्थाचे शब्द तिथल्या एका परिचारिकेने तिला ऐकवले. तसे बोलल्याचे त्या परिचारिकेने नंतरच्या चौकशीत मान्यही केले. २४ तारखेला मूल गेले. तोपर्यंत जंतूंचे विष सविताच्या रक्तात पसरले होते. चार दिवसांनी ती गेली.

२०१३ साली तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला. तपासणीत आणि उपचारात हयगय झाली, हे समितीने नोंदवले. परंतु त्याचबरोबर, गर्भाचे ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर फाजील भर दिला गेला आणि आईला असलेल्या धोक्याकडे कमी लक्ष दिले गेले, हेही स्पष्ट सांगितले. म्हणजे डॉक्टर होते, औषधे होती, यंत्रे होती. बाईचा शब्द मात्र कोणी धरला नाही. तिच्या खाटेपाशी तिच्या आधी कायदा येऊन उभा राहिला होता.

हा कायदा आला कुठून? तो समजून घेण्यासारखा आहे.

आयर्लंडवर शेकडो वर्षे इंग्रजांचे राज्य होते. राज्यकर्ते प्रॉटेस्टंट, बहुसंख्य प्रजा कॅथलिक. त्या काळात कॅथलिक लोकांच्या धर्मावर आणि जमिनीवर निर्बंध लादले गेले. गोरगरिबांना आधार उरला तो आपल्या धर्मगुरूंचा. म्हणून १९२२ साली स्वतंत्र राज्य स्थापन झाले, तेव्हा लोकांच्या मनात चर्चला मोठा मान होता. शाळा, अनाथाश्रम, इस्पितळे यांचा फार मोठा भाग पाद्री आणि नन्स यांच्या हाती होता. तिथवर ठीक. सेवेचा मान सेवेला मिळालाच पाहिजे. पण हळूहळू सेवेचा हात कायद्याच्या कागदावर जाऊन पोचला.

१९३५ साली संततिनियमनाची साधने विकायला आणि परदेशातून आणायला बंदी झाली. १९३७ साली एमॉन डी व्हॅलेरा यांच्या नेतृत्वाखाली नवी राज्यघटना आली. तिची सुरुवातच परमपवित्र त्रैक्याच्या नावाने होते. तिच्यात कॅथलिक चर्चला विशेष स्थान दिले गेले. घटस्फोटाला बंदी घातली गेली. बाईचे जीवन घरात आहे, असे मानणारे कलमही घातले गेले. यांपैकी चर्चच्या विशेष स्थानाचे कलम लोकांनी १९७२ साली मतदानाने काढून टाकले. पण तोपर्यंत पस्तीस वर्षे उलटली होती आणि त्या वर्षांत एक अख्खी पिढी घडून गेली होती.

१९५१ सालची गोष्ट पाहा. नोएल ब्राऊन नावाचे तरुण डॉक्टर तिथे आरोग्यमंत्री झाले होते. क्षयाने त्यांच्या घरातली माणसे गेली होती, त्यामुळे गरिबाचे दुखणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी योजना आणली की, प्रत्येक बाळंतिणीला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत औषधोपचार मिळावेत. उत्पन्नाचा दाखला नको, कोणापुढे हात पसरणे नको. यात वाईट ते काय? पण डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, कारण त्यांच्या फीचा प्रश्न होता. आणि बिशपांनीही विरोध केला. कुटुंबाच्या आरोग्याची जबाबदारी आई-बापांची आहे, सरकारची नाही. शिवाय सरकारी डॉक्टर बायकांना शरीराची आणि संततीची माहिती देऊ लागले तर ती धर्माच्या शिकवणुकीविरुद्ध जाईल, अशी त्यांची भीती होती. मंत्रिमंडळ बिशपांपुढे नमले. एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. जाताना त्यांनी बिशपांशी झालेला सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. मतपेटीतून निवडून न आलेल्या माणसांनी बाळंतिणीचे औषध कसे अडवले, ते लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले.

अशा वेळी भरडली जाते ती कोण, हे आपल्याला सांगायला नको. मेरी मगी ही एका कोळ्याची बायको. चार मुले पदरात. बाळंतपणात तिच्या जिवावर बेतले होते. पुन्हा दिवस गेले तर जगणार नाहीस, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने इंग्लंडहून संततिनियमनाचे औषध मागवले, ते कस्टमवाल्यांनी जप्त केले. ही बाई गप्प बसली नाही. सरकारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आणि डिसेंबर १९७३ मध्ये जिंकली. नवरा-बायकोच्या खाजगी निर्णयात सरकारने नाक खुपसू नये, असा न्याय मिळाला. त्याआधी मे १९७१ मध्ये डब्लिनच्या काही बायका आगगाडीने उत्तरेला बेलफास्टला गेल्या. तिथे इंग्रजी कायदा होता, साधने दुकानात मिळत होती. ती विकत घेऊन त्या परतल्या आणि स्टेशनावर अधिकाऱ्यांच्या तोंडावर वर धरून दाखवल्या. गर्भनिरोधक गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागत होती, म्हणून काहीजणींनी साध्या ॲस्पिरिनच्या गोळ्याच आणल्या. अधिकाऱ्यांना कुठे फरक कळणार होता!

आणि ज्या मुली लग्नाआधी गरोदर राहिल्या त्यांचे काय झाले? त्यांना धर्मसंस्थांच्या आश्रमात पाठवले जाई. घरचेच नेऊन सोडत. मूल आईपासून काढून दत्तक दिले जाई. ट्यूम या गावच्या अशाच एका आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुले दगावली आणि त्यांच्या दफनाच्या नोंदी सापडत नाहीत, हे कॅथरीन कॉर्लेस नावाच्या एका स्थानिक बाईंनी मृत्यूचे दाखले एकेक करून जमवून सिद्ध केले. त्यानंतर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. अशा १८ संस्थांतून सुमारे ९ हजार मुले मरण पावली, असे त्या आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले. पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. कुटुंबाची इभ्रत राखण्याच्या नावाखाली कुटुंबातलीच लेकरे मातीआड गेली. इभ्रत कोणाची राखली, हे आता तिथले लोकच विचारतात.

आता येऊ सविताच्या कायद्याकडे. गर्भपाताला आयर्लंडमध्ये १८६१ पासूनच बंदी होती. तरीही १९८१ साली काही कॅथलिक कार्यकर्ते, डॉक्टर आणि वकील एकत्र आले. न्यायालय किंवा संसद उद्या ही बंदी उठवील, म्हणून ती घटनेतच घाला, अशी मागणी त्यांनी केली. त्या काळात तिथे दीड वर्षात तीन निवडणुका झाल्या. दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येक मत मोलाचे होते. चळवळीच्या लोकांनी दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांकडून निवडणुकीपूर्वीच वचन घेतले. राजकारणात असेच चालते. संख्येने थोडे पण हट्टाने संघटित असलेले लोक मोठ्या पक्षांनाही वाकवतात. मसुदा आला तेव्हा सरकारचेच कायदेविषयक सल्लागार पीटर सदरलँड यांनी इशारा दिला की, हे शब्द संदिग्ध आहेत, डॉक्टरांना काय करावे ते कळणार नाही आणि बाईच्या जिवाला धोका होईल. प्रॉटेस्टंट चर्चनेही या शब्दांना आक्षेप घेतला. कोणी ऐकले नाही. ७ सप्टेंबर १९८३ रोजी लोकमत घेतले गेले. शंभरात जवळजवळ ६७ मते बाजूने पडली. आईचा जीव आणि गर्भाचा जीव घटनेने समान ठरवला. सदरलँड यांचा इशारा २९ वर्षांनी गॉलवेत खरा ठरला.

या बंदीने गर्भपात थांबले का? नाही. बायका बोटीने आणि विमानाने इंग्लंडला जाऊ लागल्या. १९८० ते २०१६ या काळात आयर्लंडचा पत्ता देऊन इंग्लंडात गर्भपात करून घेणाऱ्यांची संख्या १ लाख ७० हजारांच्या वर जाते. आणि हे पत्ता देणाऱ्यांचे झाले. जिच्याकडे तिकिटाचे पैसे होते, सुट्टी होती, मागे मुलांना सांभाळणारे कोणी होते, ती जाऊन आली. जिच्याकडे यातले काही नव्हते तिच्यासाठी कायदा खरा कायदा होता. १९९२ साली तर बलात्काराने गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊ देऊ नये म्हणून सरकारच कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने शेवटी तिला मोकळीक दिली, कारण ती जीव देण्याच्या टोकाला आली होती. भगिनींनो, श्रीमंताला वाट आणि गरिबाला भिंत, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

घटस्फोटाचेही तसेच. १९८६ साली लोकमतात घटस्फोट नामंजूर झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये पुन्हा मतदान झाले. घटस्फोट आला की बाबा घरातून गेलेच समजा, अशा अर्थाची भित्तीपत्रके विरोधकांनी लावली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनीही आयर्लंडच्या लोकांना विरोधात मत देण्याचे आवाहन केले. तरी घटस्फोटाचा हक्क मंजूर झाला, तोही केवळ ९,११४ मतांनी! दारुड्या नवऱ्याच्या हातचा मार खाणारी बाई धर्माच्या बंधनातून सुटली ती एवढ्या थोड्या मतांनी. एका मताची किंमत काय असते, ते यावरून समजावे.

सविता गेली तेव्हा हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. २०१३ साली कायद्यात थोडी ढिलाई झाली, पण घटनेतले कलम कायम होते. मग सरकारने एक निराळीच गोष्ट केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ९९ सामान्य नागरिक निवडले आणि एका न्यायाधीश बाईंच्या अध्यक्षतेखाली त्यांची सभा भरवली. त्यांनी डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांचे आणि भोगलेल्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि २०१७ मध्ये सांगितले की, कायदा बदला. २५ मे २०१८ रोजी लोकमत झाले. त्या दिवशी परदेशी गेलेली तरुण मुले-मुली खास मतदानासाठी घरी परतली. शंभरात ६६ मते कलम रद्द करण्याच्या बाजूने पडली. १९८३ साली जेवढ्यांनी बंदी घातली, जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात लोकांनी ती उठवली. १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत ही सोय तिथल्या दवाखान्यांत मिळू लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमधले शंभरातले ७८ लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. म्हणजे कलम उठवणाऱ्यांत लाखो लोक कॅथलिकच होते. त्यांनी धर्म सोडला नाही. धर्माने आपल्या जागी राहावे आणि बाईचा निर्णय बाईला घेऊ द्यावा, एवढेच त्यांनी म्हटले. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांनाही दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. गर्भातला जीव हाही जीवच आहे, असे ते मनापासून मानतात. तसे मानण्याचा, तसे वागण्याचा, इतरांना समजावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत ख्रिस्ती शेजारी आहेत. मिशनच्या शाळांत आपली मुले शिकली, मिरजेच्या वॉन्लेस इस्पितळासारख्या ठिकाणी कितीकांचे प्राण वाचले. हा लेख वाचून कोणी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. प्रश्न माझी श्रद्धा दुसऱ्याच्या देहावर कायद्याने लादण्याचा आहे, आणि हा रोग कोणत्याही एका धर्माचा नाही.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. ते कॉलेज ख्रिस्ती मिशनचे. कर्व्यांचे हे कार्य चालकांना रुचले नाही आणि १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, ते मात्र सनातनी हिंदूंच्या तक्रारींमुळे. १९३४ साली अशा एका खटल्यात कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी शरीराविषयी प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरे दिली, यात गुन्हा कोणता, हा त्यांचा सवाल होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु सवाल हरला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२. तीनच वर्षांपूर्वी आयर्लंडने ही साधने कायद्याने बंद केली होती. इकडे आमचा नेता मात्र सरकारला सांगत होता की, ती गरिबाच्या घरापर्यंत पोचवा!

आणखी एक नाते आहे. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्याच घटनेवरून घेतली आहे. बाळंतिणीला साहाय्य मिळावे, लोकांचे आरोग्य सुधारावे, असे त्या भागात लिहिले आहे. पण आयर्लंडच्या घटनेतली सगळीच गोष्ट आपण उचलली नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी सूचना मांडली की, आपल्या घटनेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी. मतदान झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. आपली घटना ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होते. त्या तीन शब्दांत तुम्ही आहात, मी आहे, मंदिरात जाणारी आहे, चर्चमध्ये जाणारी आहे आणि कुठेच न जाणारीही आहे. कोणाच्याही देवाची सही तिथे लागत नाही.

मग आपल्या घरात कोणाची सही लागते? हे प्रत्येक बाईला ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि २०२१ साली सुधारला. त्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि काही विशिष्ट कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासूची तर नाहीच. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला की, चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित बाईलाही आहे. मात्र मुलगा की मुलगी हे पाहणे आणि मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा गुन्हा आहे. तो कायदा वेगळा, तो १९९४ चा, आणि त्यात कोणतीही पळवाट शोधू नये. वस्तीतल्या सुईणीकडे किंवा चोरून गोळी देणाऱ्याकडे जाऊन जीव धोक्यात घालू नका. सरकारी इस्पितळात ही सोय आहे. तिथे कोणी नवऱ्याला घेऊन ये म्हणून परत पाठवले, तर हा कायदा ठामपणे सांगा. एकटीला धीर होत नसेल तर महिला मंडळाच्या दोघी-तिघींना बरोबर घेऊन जा.

आणि मिळालेला हक्क कायमचा आपला झाला, असे समजून झोपू नका. अमेरिकेत १९७३ साली कोर्टाने बायकांना हा हक्क दिला होता. तिथल्या ख्रिस्ती संघटनांनी पन्नास वर्षे चिकाटीने मते गोळा केली, आपल्या विचाराचे न्यायाधीश नेमले जावेत म्हणून प्रयत्न केले, आणि २४ जून २०२२ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अनेक राज्यांत बंदी आली. त्यांची चिकाटी घेण्यासारखी आहे. ती आपण आपल्या लेकींच्या हक्कासाठी वापरली पाहिजे.

म्हणून या आठवड्यात एवढेच करा. घरात वयात आलेली मुलगी असेल, नवी सून असेल, तर तिला जवळ बसवा आणि सही कोणाची लागते ते सांगा. मुलगा असेल तर त्यालाही तिथेच बसवा. त्यानेही ऐकायला हवे.